दृष्टिहीनाचा पहिला संगणक : निवड आणि पारख

दृष्टिहीन व्यक्तीसाठी खास वेगळा संगणक शोधत बसण्याची गरज नसते. दुकानात सगळ्यांसाठी मांडलेल्या यंत्रांतलेच एक घ्यायचे असते. फक्त त्याची पारख कान आणि बोटे यांनी करायची असते. डोळस ग्राहक ज्या गोष्टींवर भाळतो, म्हणजे पडद्याची चमक, रंगांचा उठाव, महागडे ग्राफिक्स कार्ड, त्यांचा इथे जवळजवळ काहीच उपयोग नाही. उलट ज्यांच्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही त्या गोष्टी महत्त्वाच्या ठरतात: ‘इन्सर्ट’ कळ स्वतंत्र आहे का, बाणांच्या कळा बोटाला चटकन सापडतात का, हेडफोनची पिन घालायला जागा आहे का. आणि या सगळ्याच्या वर एक कसोटी आहे. यंत्र सुरू करणे, त्याचा आवाज चालू करणे आणि मध्येच अडकल्यास त्यातून बाहेर पडणे, ही तीन कामे मालकाला दुसऱ्या कोणाला हाक न मारता जमली पाहिजेत. ज्या यंत्रावर ती जमत नाहीत ते कितीही भारी असले तरी पहिला संगणक म्हणून कुचकामी.

बोलण्याचे काम ‘स्क्रीन रीडर’ नावाची आज्ञावली करते. ती पडद्याचे चित्र पाहून वाचते असा अनेकांचा समज असतो, पण प्रत्यक्षात तसे घडत नाही. प्रत्येक खिडकी, बटण, यादी किंवा चौकट संगणकाच्या मूळ प्रणालीला आपले नाव, आपला प्रकार आणि आपली स्थिती कळवत असते. स्क्रीन रीडर ही माहिती उचलतो आणि तिचे बोलीत रूपांतर करतो: ‘जतन करा, बटण’, ‘मला लक्षात ठेवा, चौकट, खूण नाही’. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने बटणाला नावच दिले नसेल, तर कानावर नुसते ‘बटण’ एवढेच पडते. माऊसचा बाण कुठे आहे हे न दिसणाऱ्याला माऊस निरुपयोगी असतो. सगळा संचार टॅब, बाण, ऑल्ट आणि कंट्रोल यांच्या कळांवरून होतो. म्हणूनच दृष्टिहीनाचा संगणक निवडणे म्हणजे बऱ्याच अंशी एक आज्ञावली, एक आवाज आणि एक कळफलक निवडणे.

पहिला निर्णय प्रणालीचा. ॲपलच्या मॅकमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ हा स्क्रीन रीडर २००५ पासून अंगभूत आहे. कमांड आणि एफ ५ या कळा दाबल्या की तो बोलू लागतो. लिनक्सवर ‘ऑर्का’ आहे, क्रोमबुकवर ‘क्रोमव्हॉक्स’ आहे. तिन्ही उपयोगाचे आहेत. तरीही महाराष्ट्रातल्या नवशिक्यासाठी विंडोज हाच रास्त पर्याय ठरतो, आणि त्याचे कारण तांत्रिक श्रेष्ठत्वात नाही. अडलेल्याला मदत करणारी माणसे विंडोजवर आहेत. अंधांना संगणक शिकवणारे बहुतेक शिक्षक, परीक्षा केंद्रांवरील यंत्रे, कार्यालयांतली यंत्रे हे सगळे तिथलेच. ज्याला पहिल्या सहा महिन्यांत रोज काही ना काही विचारावे लागणार आहे, त्याने ज्या यंत्राचा जाणकार पंचक्रोशीत नाही ते घेऊ नये. एखाद्याचा शिक्षक किंवा जवळचा मित्र मॅकच वापरत असेल आणि खर्च झेपत असेल, तर हाच न्याय मॅकच्या बाजूने लागतो.

घरात अँड्रॉइड फोन असतो, त्यावर ‘टॉकबॅक’ बोलत असतो, मग संगणक हवा कशाला, असा प्रश्न पालक हमखास विचारतात. फोनवर निरोप, बातम्या, पैशांचे व्यवहार होतात. पण पन्नास पानांचा प्रकल्प लिहिणे, त्यात मथळे घालणे, तक्त्यात आकडेमोड करणे, एका दस्तऐवजातून दुसऱ्यात मजकूर नेणे ही कामे कळफलकावरच मार्गी लागतात. नोकरीही तिथेच आहे. महाराष्ट्रात अनेक सरकारी पदांसाठी २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटीसारखे संगणक प्रमाणपत्र मागतात.

विंडोज ठरल्यावर स्क्रीन रीडरचा प्रश्न येतो. पूर्वी तो खर्चाचा प्रश्न होता. ‘जॉज’ हा सर्वांत नावाजलेला स्क्रीन रीडर अमेरिकेत टेड हेंटर यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये डॉस या जुन्या प्रणालीसाठी आला. हेंटर हे मोटारसायकल शर्यतपटू आणि अभियंते. १९७८ च्या मोटार अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. जॉज आजही अत्यंत सक्षम आहे, पण त्याच्या परवान्याची किंमत साध्या लॅपटॉपच्या किमतीजवळ जाऊ शकते. परवान्याविना तो एका वेळी चाळीस मिनिटेच चालतो, मग संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. हे चित्र ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी बदलले. मायकल करन यांनी २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ लिहायला घेतला, जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले, आणि हा स्क्रीन रीडर त्यांनी जगाला मोफत, मुक्त स्रोत म्हणून दिला. डोळस माणसाला पडदा फुकट मिळतो, तर दृष्टिहीनाने आवाजासाठी वेगळे पैसे का मोजावेत, हा त्यामागचा आग्रह होता, आणि तो सर्वथा रास्त होता. पहिल्या संगणकावर एनव्हीडीएच घालावा. जॉजचा विचार नोकरीच्या ठिकाणी त्याची मागणी असेल तेव्हा.

विंडोजचा स्वतःचा ‘नॅरेटर’ मात्र विसरून चालत नाही. विंडोज, कंट्रोल आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबल्या की तो बोलू लागतो, अगदी नव्या लॅपटॉपच्या पहिल्या मांडणीच्या वेळीसुद्धा. त्यामुळे खोके उघडल्यापासून खाते तयार करण्यापर्यंतची पायरी दृष्टिहीन मालक स्वतः चढू शकतो. पुढे कधी एनव्हीडीए बिघडला तर तो पूर्ववत करेपर्यंत नॅरेटरच हात देतो.

आता कळफलक. निवडीत खरा वेळ द्यायचा तो इथे.

एनव्हीडीएच्या बहुतेक आज्ञा एका मुख्य कळीच्या जोडीने दिल्या जातात आणि ती कळ मुळात ‘इन्सर्ट’ आहे. इन्सर्ट आणि टी दाबले की खिडकीचे नाव ऐकू येते, इन्सर्ट आणि एफ १२ दाबले की वेळ, इन्सर्ट, शिफ्ट आणि बी दाबले की बॅटरी किती उरली ते. दिवसातून शेकडो वेळा लागणारी ही कळ अनेक पातळ लॅपटॉपवर स्वतंत्र नसतेच. ती डिलीट किंवा प्रिंट स्क्रीनच्या पोटात दडवलेली असते आणि एफएन कळ धरल्याशिवाय चालत नाही. अशा वेळी एनव्हीडीएच्या स्वागताच्या खिडकीतच कॅप्स लॉकला मुख्य कळ करण्याची सोय असते. तेवढ्याने काम भागते, पण ही गोष्ट विकत घेण्याआधी माहीत असलेली बरी.

दुसरी अडचण वरच्या ओळीची. आजच्या बहुतेक लॅपटॉपवर एफ १ ते एफ १२ या कळा आपले मूळ काम न करता आवाज कमी-जास्त करणे, उजेड बदलणे, विमान स्थिती लावणे अशी कामे आधी करतात. नवशिक्याने एफ २ दाबून फाइलचे नाव बदलायला जावे आणि संगणक अचानक मुका व्हावा, हे सर्रास घडते. डोळस माणसाला पडद्यावर आवाजाची खूण खोडलेली दिसते, कळीवरचा दिवा दिसतो. दृष्टिहीनाला मात्र यंत्र बंद पडले, बिघडले की फक्त गप्प झाले, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून एफएन आणि एस्केप दाबून किंवा यंत्राच्या मांडणीत जाऊन ही ओळ मूळ कामावर आणता येते का, हे दुकानातच विचारून घ्यावे आणि पहिल्याच दिवशी ते करून घ्यावे.

बोटांना खुणा लागतात. एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे सगळीकडे असतात, अंकफलकावर तसाच उंचवटा पाचवर असतो. बाणांच्या कळांची रचना मात्र नीट तपासावी. वरचा बाण एकटा, त्याखाली तीन, आणि वरच्या बाणाच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा, अशी रचना बोटाला तत्काळ ओळखता येते. काही लॅपटॉपवर डावा-उजवा बाण पूर्ण उंचीचे करून ही मोकळी जागा भरून टाकलेली असते. मग बोट चाचपडत राहते. एफ ४ नंतर आणि एफ ८ नंतर किंचित फट असलेली वरची ओळ मिळाली तर उत्तमच. थिंकपॅड मालिकेच्या कळफलकांवर ती आढळते. खालच्या डाव्या टोकाला कंट्रोल आहे की एफएन, हेही बघावे. २०२४ पासून बाजारात आलेल्या अनेक यंत्रांवर उजवीकडची मेनू कळ जाऊन तिच्या जागी ‘कोपायलट’ कळ आली आहे. राइट क्लिकचे काम त्या मेनू कळीने होत असे. ती नसल्यास शिफ्ट आणि एफ १० यांनी तेच होते. चालू-बंद करण्याचे बटण डिलीटला खेटून असेल, तर तिकडे चुकून बोट जाणारच.

अंकफलक असावा की नसावा यावर वापरकर्त्यांत दोन मते आहेत. एनव्हीडीएच्या डेस्कटॉप मांडणीत अंकफलकाच्या वरच्या तीन कळा ओळीओळीने, मधल्या तीन शब्दाशब्दाने आणि खालच्या तीन अक्षराअक्षराने मजकूर ऐकवतात. ही रचना शिकायला फार सोपी, कारण हात तिथून हलत नाही. १५.६ इंची लॅपटॉपवर बहुधा अंकफलक असतो, १४ इंचीवर नसतो. लहान लॅपटॉप घेणाऱ्याने लॅपटॉप मांडणी शिकावी किंवा यूएसबीने जोडायचा साधा पूर्ण आकाराचा कळफलक घ्यावा. या सुट्या कळफलकाचा आणखी एक फायदा आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या परीक्षाविषयक मार्गदर्शक सूचनांनी दृष्टिहीन उमेदवाराला संगणकावर उत्तरे लिहिण्याचा पर्याय दिला. त्यांत स्वतःचा लॅपटॉप नेण्यास मनाई होती, पण कळफलकासारखे साहाय्यक साधन नेण्याची आणि केंद्रातले यंत्र आदल्या दिवशी तपासण्याची मुभा होती. लेखनिकावर अवलंबून न राहता स्वतःच्या बोटांनी पेपर लिहायचा असेल, तर रोजच्या सवयीचा कळफलक परीक्षेतही हाताखाली असणे मोलाचे.

यंत्राच्या आतल्या भागांविषयी थोडक्यात. प्रत्येक कळ दाबल्यावर आवाज लगेच आला पाहिजे. त्यात अर्ध्या सेकंदाचा जरी खंड पडला, तरी नवशिक्याला वाटते कळ लागलीच नाही. तो ती पुन्हा दाबतो आणि भलत्याच ठिकाणी पोहोचतो. विंडोज ११ कागदोपत्री ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणीवर चालते, पण त्यावर समाधान मानू नये. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी ही व्यवहारातली किमान पायरी. प्रोसेसर मधल्या दर्जाचा पुरतो. फिरत्या चकतीची जुनी हार्ड डिस्क असलेले यंत्र फुकट मिळाले तरी आधी त्यात एसएसडी घालावी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत कार्यालयांतून निघालेले, दुरुस्त केलेले लॅपटॉप मिळतात. त्यांचे कळफलक पुष्कळदा नव्या स्वस्त यंत्रांहून सरस असतात. मात्र विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे त्यावर चढत नाही. एवढे पाहूनच जुने यंत्र घ्यावे. नव्या स्वस्त यंत्रांत ‘एस मोड’ असतो का तेही विचारावे. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधल्या आज्ञावली चालतात, एनव्हीडीएचे नेहमीचे रूप चालत नाही. या स्थितीतून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, पण आधी बाहेर पडावे लागते.

आवाजासाठी ३.५ मिलिमीटरची जागा असलेला लॅपटॉप घ्यावा. ब्लूटूथ हेडफोनवर बोलणे किंचित उशिरा पोहोचते, आणि मधल्या शांततेत तो झोपी गेला तर पुढच्या वाक्याचे पहिले अक्षर गिळले जाते. ‘नाही’ आणि ‘आहे’ यांतला फरक अशा वेळी महागात पडतो. एका कानाचा तारेचा इअरफोन पुष्कळांना आवडतो, कारण दुसरा कान घरातल्या हाकांसाठी मोकळा राहतो. जोडीला एक स्वस्त यूएसबी हेडसेट ठेवावा; संगणकाचा अंगचा आवाज बंद पडला की तोच दुसरा मार्ग असतो.

अल्पदृष्टी असलेल्यांचा हिशेब थोडा वेगळा. त्यांना मोठा, चकाकी नसलेला पडदा लागतो. विंडोज आणि अधिक चिन्हाची कळ दाबली की भिंग सुरू होते. दृष्टी उतरत जाणार असे डॉक्टरांनी सांगितले असेल तर थोडे दिसत असतानाच एनव्हीडीए शिकायला घ्यावा. शिकण्याची उमेद पुढे राहीलच असे नाही. ब्रेल जाणणाऱ्यांसाठी संगणकाला जोडायची ब्रेल पट्टी मिळते. तिच्यावरचे ठिपके ओळीगणिक वर-खाली होतात. वीस घरांच्या ऑर्बिट रीडरसारख्या उपकरणांनी किंमत खाली आणली, तरी मोठ्या पट्ट्या अजून लाखाच्या पुढे जातात. शुद्धलेखन, गणित किंवा बहिरेपणाची जोड असेल तिथे ब्रेल पट्टीला पर्याय नाही. इतरांनी ती दुसऱ्या टप्प्यावर ठेवली तरी चालते.

खरेदीच्या दिवशी वापरणारी व्यक्ती स्वतः दुकानात गेली पाहिजे. हौसेने परस्पर आणलेला लॅपटॉप पुष्कळदा कपाटात जाऊन बसतो. जाताना पेन ड्राइव्हवर एनव्हीडीएची फिरती प्रत न्यावी. ती यंत्रात न बसवताही चालते. दुकानदाराच्या परवानगीने ती सुरू केली की पडताळणी अशी करता येते: आधी नुसत्या बोटांनी कळफलक वाचावा, एस्केपपासून उजवीकडे वरची ओळ मोजावी, बाण शोधावेत. मग इन्सर्ट आणि १ दाबून कळांचे मदतसत्र लावावे. या सत्रात कुठलीही कळ दाबली तरी ती काही करत नाही, फक्त आपले नाव आणि काम सांगते. जी कळ बोटाला सापडत नाही किंवा भलतेच नाव सांगते, ती इथेच उघडी पडते. शेवटी नोटपॅड उघडून चार वाक्ये भरभर लिहावीत आणि आवाज बोटांच्या मागे रेंगाळतो का ते ऐकावे. काउंटरवर गर्दी असली तरी हा वेळ मागून घ्यावा.

मराठीचा विषय स्वतंत्रपणे पाहायला हवा, कारण इथेच बहुतेकांचा हिरमोड होतो. एनव्हीडीएबरोबर ‘ईस्पीक एनजी’ हा आवाज येतो आणि त्यात मराठी आहे. तो यांत्रिक वाटतो, पहिल्या दिवशी नकोसा होतो. पण तो तत्पर आहे आणि वेग वाढवला तरी स्पष्ट राहतो, म्हणून सरावलेले लोक त्यालाच धरून राहतात. विंडोजमध्ये हेमंत आणि कल्पना हे हिंदी आवाज मिळतात. ते देवनागरी वाचतात, मात्र हिंदीच्या वळणाने. नुसता इंग्रजी आवाज लावून ठेवला तर मराठी मजकूर धड वाचला जात नाही, आणि नवशिक्याला फाइल रिकामी आहे असे वाटू शकते.

टंकनासाठी विंडोजमध्ये मराठीचे दोन मार्ग आहेत. ध्वन्यात्मक पद्धतीत रोमन अक्षरे टाइप केली की सुचवलेल्या शब्दांतून निवड करावी लागते, आणि ‘कि’ व ‘की’ कानाला जवळपास सारखेच ऐकू येतात. दुसरा मार्ग इनस्क्रिप्टचा; त्यात स्वर मुख्यतः डाव्या हाताला आणि व्यंजने बव्हंशी उजव्या हाताला असतात. ऱ्हस्व वेलांटीची कळ एफ, दीर्घाची आर. ‘मराठी’ लिहायला म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशा पाच अक्षरखुणा उच्चाराच्याच क्रमाने येतात. १९५१ पासूनच्या भारती ब्रेलमध्येही व्यंजनानंतर स्वर येतो, त्यामुळे ब्रेल शिकलेल्याला हा क्रम ओळखीचा वाटतो. शिकायला महिना अधिक लागला तरी इनस्क्रिप्टच शिकावे, कारण कुठली वेलांटी दिली हे त्यात बोटालाच ठाऊक असते.

वाचनाच्या बाजूला दोन अडथळे यंत्र बदलून सुटत नाहीत. कृतिदेव किंवा जुन्या श्री-लिपीसारख्या, युनिकोड नसलेल्या टंकांत केलेला मजकूर पडद्यावर सुरेख मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरांची आणि चिन्हांची गिचमीड असते. स्क्रीन रीडर तीच वाचतो. आणि स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ ही त्याच्या लेखी कोरी असते. पहिल्यावर युनिकोड रूपांतरक, दुसऱ्यावर टेसरॅक्टसारखी मराठी ओळखणारी अक्षरवाचन आज्ञावली लागते. पुस्तकांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेले सुगम्य पुस्तकालय आहे. तिथली पुस्तके मुळातच वाचता येण्याजोग्या रूपात असतात.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी चाचणी काळापुरते फुकट दिलेले अँटिव्हायरस आणि कंपनीच्या जाहिरातवजा आज्ञावली काढून टाकाव्यात. त्यांच्या उडी मारून येणाऱ्या खिडक्या वाचन मध्येच तोडतात. टचपॅड बंद करावे, कारण टंकताना तळवा लागला की लिहिण्याची जागाच सरकते. कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबल्यावर एनव्हीडीए सुरू होतो आणि कंट्रोल दाबल्यावर तो गप्प होतो, या दोन गोष्टी बोटांत बसल्या की भीती निम्मी ओसरते.

प्रशिक्षणासाठी मुंबईत १९५२ साली स्थापन झालेली ‘नॅब’ ही अंधांसाठीची संस्था आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातले ‘एक्सआरसीव्हीसी’ हे दृष्टिहीनांसाठीचे केंद्र ही ठिकाणे आहेत. गावात राहणाऱ्याला दरवेळी तिथे जाणे परवडत नाही. २०२५.१ या आवृत्तीपासून एनव्हीडीएमध्येच दूरस्थ जोडणीची सोय आली आहे. दोघांनी एकच परवलीचा संकेत टाकला की पुण्यातल्या शिक्षकाला नंदुरबारच्या विद्यार्थ्याचा संगणक ऐकू येतो आणि परवानगी असल्यास चालवताही येतो. हा संकेत फक्त विश्वासातल्या माणसाला द्यावा, आणि धडा संपताच जोडणी तोडावी. यंत्रच नादुरुस्त झाले तर मात्र घरी येऊन दुरुस्ती करणारी हमी उपयोगी पडते. लॅपटॉपची निवड दोन यंत्रांवर येऊन अडली असेल, तर ही हमी ज्याच्यासोबत मिळते तो घ्यावा.